गच्चीवरचे सव्वातीन किलोवॅट : साताऱ्यातील एका घराच्या प्रकल्प नोंदी

१ डिसेंबर २०२४

सातारा शहराच्या पश्चिम भागात, यवतेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचे दुमजली घर आहे. गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे हे दिवाळीतच ठरले होते. आज प्रत्यक्ष हिशेबाला बसले. मागील बारा महिन्यांची वीजबिले काढून मांडली तेव्हा महिन्याची सरासरी २९७ युनिट निघाली. सर्वांत जास्त वापर मे महिन्यात ३८८ युनिट आणि सर्वांत कमी जानेवारीत २४१ युनिट होता. पहिल्या १०० युनिटांनंतर दर जवळजवळ दुप्पट होत असल्याने आमचे निम्म्याहून अधिक बिल वरच्या टप्प्यातल्या युनिटांचेच आहे.

एका किलोवॅटची पॅनेल आपल्याकडे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट वीज देतात, म्हणजे ३ किलोवॅटमागे महिन्याला सुमारे ३६० युनिट मिळतील. पावसाळ्यातली तूट धरूनही एवढे आम्हाला पुरेल. पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे, आणि ७८,००० रुपयांच्या पुढे ते वाढत नाही. त्यामुळे तीनच्या फारसे वर जाण्याचे कारण उरले नाही.

ज्यांना हेच काम करायचे आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे, आणि चुका लपवणार नाही.

८ डिसेंबर २०२४

पहिलीच अडचण आमच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे आली. योजनेच्या संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक भरल्यावर समोर नाव आले ते माझ्या सासऱ्यांचे. त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली आणि या काळात दरमहा त्यांच्याच नावाचे बिल आम्ही मुकाट्याने भरत आलो. अनुदान ज्याच्या खात्यात जमा होणार त्याचे आणि बिलावरचे नाव एकच लागते, म्हणून नावात बदल केल्याशिवाय पुढे सरकता येणार नव्हते.

मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती आणि सर्व वारसांचे संमतीपत्र एवढी कागदपत्रे लागली. दीर पुण्यात आणि नणंद कोरेगावात असल्याने केवळ दोघांच्या सह्या मिळवण्यात सतरा दिवस गेले. (२७ जानेवारीची पुरवणी : आज यजमानांच्या नावाचे पहिले बिल आले. एकूण पन्नास दिवस आणि कागदपत्रांचे ९०० रुपये.) पॅनेल पुढच्या वर्षी बसवायची असली तरी बिलावरचे नाव आजच तपासून घ्यावे, असे मी प्रत्येकाला सांगते.

२२ डिसेंबर २०२४

कागदपत्रांची वाट पाहत असताना गच्चीवरच्या सावल्या मोजण्याचे काम केले. डिसेंबरच्या या दिवसांत सूर्य वर्षातला सर्वांत खाली, दक्षिणेकडे असतो आणि सावल्या सर्वांत लांब पडतात. आमच्या गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यात जिन्याची ८ फूट उंच खोली आहे आणि तिच्यावर ४ फुटांची पाण्याची टाकी आहे. सकाळी नऊपासून दर तासाला सावलीच्या कडा खडूने आखल्या आणि शेजारी वेळ लिहिली.

नऊ वाजता टाकीची सावली २७ फूट लांब, गच्ची ओलांडून वायव्येच्या कठड्यावर चढलेली होती. दुपारी ती दहा-साडेदहा फुटांवर आली. साताऱ्यात सूर्य घड्याळातल्या बारा वाजता डोक्यावर नसतो, हेही खडूच्या रेघांवरून दिसले. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि आपण सुमारे ७४ अंशांवर आहोत, म्हणून खरी मध्यान्ह साधारण अर्ध्या तासाने उशिरा होते. सर्वांत आखूड सावली आज साडेबाराच्या थोडी पुढे मिळाली. संध्याकाळी पाच वाजण्यापूर्वीच सूर्य यवतेश्वराच्या मागे गेला. तेवढे ऊन आम्हाला कधीच मिळणार नाही.

या मोजणीने एक निर्णय झाला. पॅनेल गच्चीला लगटून बसवली तर टाकीची बाराच्या बारा फूट उंची सावली टाकते, पण पॅनेलची खालची कड ७ फुटांवर नेली तर सावली टाकणारी उंची फक्त ५ फूट उरते आणि नऊ वाजताची सावली २७ फुटांवरून ११ फुटांवर येते. उंच स्ट्रक्चरला जास्त पैसे लागतील. मात्र खालून चालता येईल आणि दक्षिणेची पट्टी कुरडया-सांडग्यांच्या वाळवणासाठी मोकळी राहील. सासूबाईंची तेवढी एकच अट होती.

५ जानेवारी २०२५

तीन व्हेंडरकडून दरपत्रके घेतली. दोघांनी गच्चीवर न येता मोबाईलवरच्या छायाचित्रांवरून आराखडा पाठवला आणि त्यांतल्या एकाने पॅनेल नेमकी टाकीच्या सावलीत दाखवली होती. तिसऱ्याने येऊन माझ्या खडूच्या रेघा पाहिल्या, वहीत उतरवून घेतल्या, म्हणून काम त्याला द्यायचे ठरवले. अनुदानासाठी डीसीआर, म्हणजे देशात बनलेल्या सेलची पॅनेल लागतात. ती थोडी महाग पडतात. ५४० वॅटची ६ पॅनेल, एकूण ३.२४ किलोवॅट, ३ किलोवॅटचा एकफेजी इन्व्हर्टर आणि ७ फूट उंच गॅल्व्हनाइज्ड स्ट्रक्चर यांचा दर सर्व मिळून १,९८,००० रुपये ठरला.

व्हेंडरला मी पॅनेलबद्दल भरपूर प्रश्न विचारले. बोल्ट किती लांबीचे आणि ते कशात बसणार, हा प्रश्न मात्र विचारला नाही. त्याची किंमत पुढे आली आहे.

२ फेब्रुवारी २०२५

अर्ज भरला, करारावर सही केली, आगाऊ रक्कम दिली. आमचा मंजूर भार ३ किलोवॅटपेक्षा कमी होता आणि तो वाढवायला वेगळ्या फेऱ्या माराव्या लागतील अशी भीती वाटत होती. परंतु २०२४ मध्ये सुधारलेल्या ग्राहक हक्क नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही आणि आवश्यक ती भारवाढ वितरण कंपनीच करून देते. हा टप्पा विनासायास पार पडला.

१८ फेब्रुवारी २०२५

स्ट्रक्चर आले. सहा खांब, प्रत्येक खांबाखाली एक पट्टी आणि प्रत्येक पट्टीला चार बोल्ट, म्हणजे गच्चीला चोवीस छिद्रे. व्हेंडरकडच्या कामगार मुलांनी सकाळी ड्रिल लावले आणि दुपारपर्यंत सर्व खांब उभे केले. काम वेगात झाले म्हणून मी खूश होते. ड्रिलमधून दिवसभर लाल चुरा निघत होता, तो संध्याकाळी मी स्वतः झाडून काढला. त्या लाल चुऱ्याचा अर्थ कळायला साडेतीन महिने लागले.

२० फेब्रुवारी २०२५

अर्थिंगसाठी तीन स्वतंत्र खड्डे लागतात : एक पॅनेल व स्ट्रक्चरसाठी, एक इन्व्हर्टरसाठी आणि एक वीज पडण्यापासून संरक्षण करणाऱ्या तडितरोधकासाठी. अंगणात १० फुटी रॉड ठोकायला सुरुवात केली आणि साडेचार फुटांवर तो थांबला. वर मुरूम आणि खाली काळा पाषाण, अशी आमच्या भागातली जमीन आहे. मुलांनी घणाने रॉडचे डोके चपटे केले, पण तो बोटभरही खाली गेला नाही. “काकू, वरचा कापून टाकतो, वरून काही दिसत नाही,” असे त्यांच्यातला एक जण म्हणाला. मी नकार दिला. वळवाच्या दिवसांत साताऱ्यात विजा कशा कडाडतात हे ठाऊक असणाऱ्याने अर्धा रॉड मान्य करू नये.

दुसऱ्या दिवशी लहान बोअरचे यंत्र बोलावून तिन्ही खड्डे पूर्ण दहा फूट पाडून घेतले आणि रॉडभोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरले. या कामाचे ६,५०० रुपये दरपत्रकात नव्हते, ते आम्ही दिले. मापन केले तेव्हा तिन्हींचा रोध ५ ओहमच्या आत होता. जमीन ओली असताना हे आकडे चांगलेच येतात, म्हणून मेमध्ये पुन्हा मोजायचे असे वहीत लिहून ठेवले आहे.

२४ फेब्रुवारी २०२५

सहाही पॅनेल वर चढली. प्रत्येकाचे वजन तीस किलोच्या आसपास असते आणि जिन्याच्या वळणावर दोन माणसांना ते उभे धरूनच न्यावे लागते. एक कोपरा भिंतीला लागला, पण काच शाबूत राहिली. सहा पॅनेल एकामागून एक जोडली की त्यांचा विद्युतदाब (व्होल्टेज) एकत्र होतो. एका पॅनेलचा कागदावरचा दाब ४९.५ व्होल्ट, सहांचा २९७. सकाळी अकराला प्रत्यक्षात २८१ व्होल्ट मिळाले. मी घाबरून एखादा जोड सैल आहे का असे विचारले. परंतु कागदावरचे आकडे २५ अंश तापमानाचे असतात आणि उन्हात सेल तापले की दाब उतरतो. पाच-सहा टक्के फरक त्या उन्हाला साजेसाच होता.

वायरमन दादांनी एका गोष्टीची आठवण ठेवली, ती नोंदवलीच पाहिजे. आमच्या घरी बॅटरीवरचा जुना इन्व्हर्टर आहे. सौर इन्व्हर्टरची तार त्याच्या पुढे जोडली गेली असती, तर वीज गेल्यावर बॅटरीच्या विजेलाच बाहेरची वीज समजून सौर इन्व्हर्टर तिच्यात वीज ढकलायला लागला असता आणि जुना इन्व्हर्टर जळण्याची शक्यता होती. दादांनी आधी सगळा बोर्ड उघडून पाहिला आणि जोड मीटरच्या बाजूला दिला.

११ मार्च २०२५

नेट मीटर, म्हणजे बाहेर गेलेली आणि बाहेरून आलेली वीज मोजणारा मीटर, बसला. दुपारी १२.४० वाजता इन्व्हर्टर सुरू झाला आणि पडद्यावर २,६०० वॅटचा आकडा आला. सासूबाई खुर्ची घेऊन तो आकडा पाहत बसल्या होत्या.

२० मार्च २०२५

हे नऊ दिवस मनस्तापाचे गेले. सकाळी सर्व ठीक चालते, साडेअकरानंतर मात्र इन्व्हर्टर बंद पडतो, काही मिनिटांनी स्वतःच सुरू होतो आणि पुन्हा बंद पडतो. अडीचनंतर पुन्हा सुरळीत चालतो. ऊन जेव्हा सर्वांत जास्त तेव्हाच वीज नाही, असा प्रकार होता. पडद्यावर कारण दिसत होते ते बाहेरचा दाब जास्त असल्याचे. नियमाप्रमाणे २३० व्होल्टच्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टवर दाब गेला की इन्व्हर्टरने बाजूला व्हावेच लागते.

व्हेंडरने फोनवर तोडगा सांगितला की, ही मर्यादा सेटिंगमध्ये २६५ करून देतो. मी ते करू दिले नाही. मर्यादा वाढवली तर इन्व्हर्टर बंद पडणार नाही, पण वाढलेला दाब घरातल्या फ्रीजला आणि पंख्यांनाही सोसावा लागेल.

मग वायरमन दादांना बोलावून दोन ठिकाणी एकाच वेळी दाब मोजला. ते खाली मीटरपाशी उभे राहिले आणि मी वर इन्व्हर्टरपाशी. दुपारी एक वाजता मीटरवर २४६ आणि इन्व्हर्टरवर २५४ व्होल्ट होते. वीज पॅनेलकडून मीटरकडे वाहताना तारेच्या रोधामुळे इन्व्हर्टरच्या टोकाला दाब चढतो. त्या वेळी साधारण ११ अँपिअर प्रवाह होता आणि जोडणीसाठी वापरली होती ती गच्चीवरच्या जुन्या गिझरची २८ मीटर लांब, २.५ चौरस मिलिमीटरची तार. ही तार स्वतः साडेचार व्होल्ट चढवते, पण फरक तर आठाचा होता. उरलेले साडेतीन व्होल्ट शोधत दादा प्रत्येक जोडावर हाताची पाठ धरत गेले. खालच्या जुन्या कटआउटवर थांबून म्हणाले, “काकू, न्यूट्रलचा जोड तापलाय बघा.” झाकण उघडले तेव्हा स्क्रूभोवतीचे प्लास्टिक काळे पडलेले होते. सौर जोडणी झाली नसती तर तो जोड आणखी किती वर्षे तसाच तापत राहिला असता, या विचाराने आजही अस्वस्थ वाटते.

कटआउट बदलला (१,१५० रुपये) आणि मीटरपर्यंत १० चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची केबल टाकली (६,८०० रुपये). आता दोन्ही ठिकाणच्या दाबात सव्वा व्होल्टचाही फरक राहिलेला नाही आणि इन्व्हर्टर दिवसभर एकदाही बंद पडत नाही. नऊ दिवसांत साधारण ३५ युनिट वाया गेले. दरपत्रकात इन्व्हर्टर ते मीटर ही केबल कोणत्या जाडीची असेल हे लिहून घेतले असते तर हा खोळंबा झाला नसता.

२० एप्रिल २०२५

पॅनेल पुसून किती फरक पडतो हे पाहायचे होते. सलग निरभ्र दिवस मिळाले म्हणून तुलना करता आली. पुसण्याच्या आदल्या दिवशी १३.१ युनिट आणि पुसल्यानंतरच्या दिवशी १४.३ युनिट, म्हणजे नऊ टक्क्यांची वाढ. पहिल्या वेळी बोअरचे पाणी वापरले होते, ती चूक झाली. वाळल्यावर काचेवर क्षारांचे पांढरे ठिपके राहिले आणि ते काढायला मऊ फडक्याने तासभर घासावे लागले. आता नळाचे पाणी वापरते आणि सूर्य वर येण्याच्या आत काम संपवते, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडणे चांगले नाही.

उन्हाळा म्हणजे जास्त वीज, हा माझा समज या महिन्यात दुरुस्त झाला. दुपारी सेल ६० अंशांच्या पुढे तापतात आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३५ टक्के शक्ती कमी होते. ३.२४ किलोवॅटची पॅनेल कडक उन्हात २.६ ते २.७ किलोवॅटवर थांबतात ती यामुळे. त्यांत बिघाड काही नसतो.

६ मे २०२५

एप्रिलचे पूर्ण महिन्याचे बिल आले आणि घरात गोंधळ उडाला, कारण इन्व्हर्टर ४३८ युनिट दाखवतो आणि बिलावर २९१ युनिटच लिहिलेले. यजमानांना वाटले की १४७ युनिट कोठेतरी गहाळ झाले. गहाळ काहीच झालेले नाही. इन्व्हर्टर तयार झालेली सर्व वीज मोजतो. नेट मीटरला मात्र घरात तिथल्या तिथे वापरलेली वीज कधीच दिसत नाही, त्याला फक्त बाहेर गेलेली आणि बाहेरून आलेली दिसते. ४३८ तयार झाले, त्यांतले १४७ दिवसा घरातच वापरले गेले आणि २९१ बाहेर गेले. रात्री आणि पहाटे १६८ बाहेरून घेतले. एकूण वापर ३१५ युनिट आणि आमच्या नावे शिल्लक १२३ युनिट. ही शिल्लक पुढच्या महिन्यांत वापरता येते आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशेब मिटवला जातो. स्थिर आकार मात्र द्यावाच लागतो, तेव्हा बिल शून्य होईल असे कोणी सांगितले तर ते खरे धरू नये.

अनुदानाचे ७८,००० रुपये एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खात्यात जमा झाले होते. अर्थिंगचे मापनही पुन्हा केले; एका खड्ड्याचा आकडा ४.६ ओहमपर्यंत चढला होता, म्हणून तिन्ही खड्ड्यांत आठवड्यातून एकदा पाणी घालायला सुरुवात केली.

२८ मे २०२५

यंदा मोसमी पाऊस २५ मे रोजीच महाराष्ट्रात दाखल झाला. त्याआधी आठवडाभर वळवाने झोडपले. १९ तारखेला भर दुपारी वीज गेली, ढग सरून गच्चीवर लख्ख ऊन पडले आणि तरीही पॅनेलची वीज घरात येईना. शेजारचे तात्या मुद्दाम विचारायला आले की, “वहिनी, एवढं ऊन असून पंखा बंद कसा?” बाहेरची वीज गेली की हा इन्व्हर्टर स्वतःही थांबतो, कारण खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या तारेत आमच्या गच्चीवरची वीज उतरली तर त्याचा जीव जाईल. वीज नसताना सौर वीज हवी असेल तर बॅटरीची वेगळी योजना करावी लागते. आमचा जुना बॅटरीचा इन्व्हर्टर चार दिवे आणि दोन पंखे सांभाळतो, तेवढ्यावर आम्ही भागवतो.

पण आजची नोंद त्यासाठी नाही. काल रात्री पश्चिमेच्या खोलीत छताला ओल आली आणि सकाळी थेंब पडू लागले. बावीस वर्षांत हे छत कधी गळले नव्हते. गळतीची जागा सर्वांत जवळच्या खांबापासून ९ फूट लांब होती, म्हणून व्हेंडरने पहिल्यांदा हात झटकले. पावसात शोध घेणे अशक्य होते. तोपर्यंत बादली ठेवली आणि पट्ट्यांवर प्लास्टिक बांधले.

८ जून २०२५

पावसाने महिन्याच्या सुरुवातीला उघडीप दिली आणि त्या दिवसांत हे काम उरकले. ही नोंद लांबेल, पण या सर्व नोंदींतली हीच सर्वांत महत्त्वाची आहे.

पहिल्यांदा झाडाला करतात तशी प्रत्येक खांबाभोवती सिमेंटची आळी केली आणि एका वेळी एकाच आळ्यात पाणी भरून चार-सहा तास वाट पाहिली. तिसऱ्या आणि पाचव्या खांबाच्या आळ्यातले पाणी झपाट्याने उतरले आणि खाली ओल वाढली. मग पाचव्या खांबाचा बोल्ट सोडवायला पाना लावला, तर नट सुटण्याऐवजी अख्खा बोल्टच जागच्या जागी फिरू लागला आणि हाताने ओढल्यावर वर आला. तो ४ इंचांचा होता. त्याच्या टोकाला लाल चुरा चिकटलेला होता.

गच्चीच्या स्लॅबवर पाणी मुरू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात. आमचा कोबा साडेचार इंच जाड आहे. म्हणजे चोवीसपैकी एकही बोल्ट काँक्रीटपर्यंत पोहोचलाच नव्हता. सगळे विटांच्या तुकड्यांत रुतलेले होते. फेब्रुवारीत मी झाडलेला लाल चुरा विटेचा होता. काँक्रीटचा चुरा राखाडी निघतो. छिद्रांतून शिरलेले पाणी कोब्याच्या पोकळ्यांतून वाट काढत स्लॅबला जिथे बारीक तडा सापडला तिथे, ९ फूट पुढे, खाली उतरले.

गळतीपेक्षा मला धसका बसला तो वाऱ्याचा. सात फूट उंचीवर सहा मोठी पॅनेल म्हणजे वाऱ्यासमोर धरलेले शीड असते, आणि चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत तो वारा आमच्याही गच्चीवरून जातो. मेच्या वावटळींत हे सर्व विटांच्या तुकड्यांच्या भरवशावर उभे होते आणि खाली सासूबाई पापड वाळत घालत होत्या.

व्हेंडर येऊन तो बोल्ट हातात घेऊन पाहिल्यावर मात्र त्याने चूक मान्य केली. गळती दोन खांबांची असली तरी सहाही खांबांचे काम करायचे ठरले. खांबाशेजारी लोखंडी जॅक लावून भार उचलायचा, खांबाखालचा कोबा दीड फूट चौरस फोडून स्लॅब उघडी करायची, स्लॅबमध्ये ३ इंच खोल छिद्रे पाडून सळया केमिकलने पक्क्या करायच्या, त्यांच्यावर एक फूट उंचीचा काँक्रीटचा ठोकळा ओतायचा, त्यातच बोल्ट बसवायचे आणि शेवटी ठोकळ्याभोवती वॉटरप्रूफिंग करून कोबा उताराने जुळवून घ्यायचा, असा क्रम होता. एका वेळी एकच खांब घेतला. काँक्रीटवर ओली पोती टाकून ती भिजत ठेवली आणि भार नव्या ठोकळ्यांवर येईपर्यंत जॅक काढले नाहीत. जॅकचे भाडे, साहित्य आणि मजुरी मिळून २७,४०० रुपये खर्च आला. त्यातले १२,००० व्हेंडरने सोसले, १५,४०० आम्ही.

या पाच दिवसांत पहाटेपासून गच्चीवर असल्यामुळे आणखी एक चूक लक्षात आली. सावल्या मी फक्त डिसेंबरमध्ये मोजल्या होत्या. जूनमध्ये सूर्य ईशान्येच्या बाजूने उगवतो आणि दुपारी तर आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. शेजारच्या घराची जिन्याची खोली आमच्या पूर्वेला, थोडी उत्तरेकडे आहे. डिसेंबरमध्ये तिची सावली आमच्या पॅनेलकडे फिरकतही नाही, पण आता पावणेनऊपर्यंत पूर्वेकडची दोन पॅनेल तिच्या सावलीत असतात. नुकसान दिवसाला अर्ध्या युनिटच्याही आत असल्याने काही हलवले नाही. मात्र मोजणी दोन्ही टोकांच्या महिन्यांत करायला हवी होती, हे मान्य करते.

३ ऑगस्ट २०२५

जुलैत एकूण २१४ युनिट मिळाले, म्हणजे दिवसाला सरासरी ६.९. कासच्या बाजूने धुके उतरले की दिवस कसा जातो ते पाहण्यासारखे असते : सर्वांत वाईट दिवशी २.२ युनिट झाले. उलट पावसाने धुतलेल्या गार पॅनेलवर ढगांच्या फटीतून अचानक ऊन पडले की काही क्षण इन्व्हर्टर पूर्ण ३ किलोवॅट दाखवतो, जे एप्रिलच्या उन्हात एकदाही दिसले नव्हते. एप्रिल-मेची शिल्लक आता वापरात येत आहे. छत कोरडे आहे.

२ नोव्हेंबर २०२५

पावसाळा पूर्ण गेला आणि पश्चिमेच्या खोलीला दिवाळीपूर्वी रंग दिला. ११ मार्चपासून ऑक्टोबरअखेर २,४१६ युनिट तयार झाले. खर्चाचा अंतिम हिशेब असा : करार १,९८,०००, कागदपत्रे ९००, अर्थिंगचे बोअर ६,५००, केबल व कटआउट ७,९५०, ठोकळे १५,४००; एकूण २,२८,७५० रुपये. अनुदान वजा जाता १,५०,७५० रुपये आमच्या खिशातून गेले. करारावरचा आकडा हाच अंतिम खर्च असे धरून आम्ही चाललो होतो, त्याच्या वर ३०,७५० रुपये गेले आणि त्यातला एकही रुपया पॅनेल किंवा इन्व्हर्टरवर खर्च झालेला नाही.

तात्यांनीही पॅनेल घ्यायचे ठरवले आहे. आज सकाळी त्यांच्या गच्चीवर गेले आणि कोणतेही दरपत्रक मागवण्याआधी एक बारीक छिद्र पाडून घेतले. ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टी लावून खोली पाहत गेलो आणि लाल चुरा थांबून राखाडी कोठे सुरू होतो ते मोजले. त्यांचा कोबा साडेपाच इंच निघाला. तो आकडा त्यांच्या वहीत पहिल्या पानावर लिहिला आणि छिद्र लगेच वॉटरप्रूफ सिमेंटने बुजवले.